चांदोली राष्ट्रीय उद्यान

चांदोली राष्ट्रीय उद्यान हे महाराष्ट्रातील सह्याद्री पर्वतरांगेत वसलेले राष्ट्रीय उद्यान आहे. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सीमा जेथे एकत्र येतात, त्या डोंगराळ प्रदेशात ते पसरले आहे. उद्यानाचे क्षेत्रफळ ३१७.६७ चौरस किलोमीटर आहे. १९८५ साली हा प्रदेश अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि मे २००४ मध्ये त्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. जानेवारी २०१० मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यान व कोयना अभयारण्य मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाची स्थापना करण्यात आली. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांत कास पठार, कोयना अभयारण्य व राधानगरी अभयारण्य यांच्यासह चांदोलीचाही समावेश आहे.

उद्यानाचा बराचसा भाग वारणा नदीवरील धरणाच्या जलाशयाभोवती आहे. या जलाशयास वसंतसागर असे नाव आहे. पश्चिमेकडे उद्यानाची हद्द सह्याद्रीच्या मुख्य कड्यापर्यंत जाते. कड्याच्या पायथ्याशी रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुका आहे. प्रचितगड हा ऐतिहासिक किल्ला याच कड्यावर आहे.

भूगोल

स्थान व भूरचना

उद्यानाची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ५८९ ते १,०४४ मीटर आहे. उत्तरेस कोयना अभयारण्य व दक्षिणेस राधानगरी अभयारण्य असल्यामुळे उत्तर–दक्षिण पसरलेल्या वनपट्ट्यात चांदोली हा मधला दुवा ठरतो. प्रदेशाचा पाया बेसाल्ट खडकाचा असून माथ्यावरील सपाट भागांत जांभा आढळतो. अशा उघड्या, खडकाळ पठारांना स्थानिक भाषेत ‘सडा’ म्हणतात. झोळंबीचा सडा हा त्यांपैकी सर्वांत परिचित आहे. सड्यांच्या कडांना खोल दऱ्या असून त्यांत दाट जंगल आहे.

पूर्वेकडील उतार तुलनेने सौम्य असून वारणेच्या खोऱ्याकडे जातात. पश्चिमेकडे मात्र डोंगर एकदम तुटतो आणि शेकडो मीटर खाली कोकणपट्टी दिसते. या कड्यातून वर येणाऱ्या जुन्या पायवाटांना ‘घाटवाटा’ म्हणतात. संगमेश्वर भागातून वर चढणारे रेडे घाट व कुंडी घाट हे त्यांपैकी होत. मोटाररस्ते होण्यापूर्वी कोकणातील मीठ व सुकी मासळी देशावर आणि देशावरील धान्य कोकणात नेण्यासाठी सह्याद्रीतील अशाच वाटांचा वापर होत असे.

जलप्रणाली

सह्याद्रीचा माथा येथे जलविभाजक आहे. पाथरपुंज पठाराच्या परिसरात उगम पावणारी वारणा नदी पूर्वेकडे वाहत जाऊन सांगलीजवळ हरिपूर येथे कृष्णेस मिळते. तिचे पाणी पुढे बंगालच्या उपसागरास जाते. प्रचितगडाच्या परिसरात उगम पावणारी शास्त्री नदी पश्चिमेकडे कोकणात उतरते आणि संगमेश्वरमार्गे जयगडच्या खाडीतून अरबी समुद्रास मिळते. एकाच माथ्यावर पडलेला पाऊस अशा रीतीने दोन समुद्रांकडे विभागला जातो.

वारणा धरण सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुक्यात चांदोली येथे आहे. हे मातीचे धरण असून त्याची साठवणक्षमता ३४.४० अब्ज घनफूट (टीएमसी) आहे. सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील सिंचन आणि वीजनिर्मिती यांसाठी या पाण्याचा उपयोग होतो. उद्यानातील जंगल हे या जलाशयाचे पाणलोट क्षेत्र आहे. त्यामुळे डोंगरउतारांवरील माती टिकून राहणे व जलाशयात गाळ कमी येणे हे जंगलाच्या स्थितीवर अवलंबून असते.

हवामान

नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या मार्गात सह्याद्रीचा कडा आडवा येत असल्यामुळे येथे जून ते सप्टेंबर या काळात अतिवृष्टी होते. उद्यानाच्या उत्तर सीमेवरील पाथरपुंज या गावाची गणना देशातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत केली जाते. पूर्वेकडे जावे तसे पावसाचे प्रमाण झपाट्याने घटते. हिवाळा सौम्य व कोरडा असतो. एप्रिल–मे महिन्यांत सड्यांवरील गवत वाळते आणि वणव्यांचा धोका वाढतो.

भूकंपप्रवणता

उद्यानाचा परिसर कोयना–वारणा भूकंपप्रवण क्षेत्रात मोडतो. कोयना धरणाच्या परिसरात ११ डिसेंबर १९६७ रोजी विनाशकारी भूकंप झाला होता. वारणा जलाशय भरू लागल्यानंतर, विशेषतः १९९३ पासून, या भागातही भूकंपाच्या धक्क्यांची संख्या वाढल्याचे नोंदले गेले. जलाशय व भूकंप यांच्यातील संबंधाचा अभ्यास करण्यासाठी हे क्षेत्र जगभरातील भूशास्त्रज्ञांना महत्त्वाचे वाटते.

इतिहास

मराठेशाहीचा काळ

कड्याच्या पायथ्याशी असलेले शृंगारपूर हे मध्ययुगात सुर्वे घराण्याच्या अंमलाखाली होते. १६६१ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी कोकणच्या मोहिमेत शृंगारपूर जिंकले. त्या वेळी तेथील सूर्यराव सुर्वे पळून गेले. याच काळात प्रचितगड मराठ्यांकडे आला. या किल्ल्यास ‘उचितगड’ असेही नाव आहे. घाटमाथा व कोकण यांना जोडणाऱ्या वाटांवर लक्ष ठेवणे हा त्याचा मुख्य उपयोग होता. संगमेश्वर तालुक्यातील महिमतगड व उत्तरेकडील भैरवगड हे किल्लेही याच संरक्षणसाखळीतील मानले जातात.

छत्रपती संभाजी महाराजांच्या पत्नी येसूबाई या शृंगारपूरच्या पिलाजीराव शिर्के यांच्या कन्या होत. युवराजपदी असताना संभाजी महाराजांचे काही काळ शृंगारपूर येथे वास्तव्य होते. फेब्रुवारी १६८९ मध्ये मोगल सरदार मुकर्रबखान याने कोल्हापूरहून सह्याद्री ओलांडून अनपेक्षितपणे संगमेश्वर गाठले व तेथे संभाजी महाराजांना कैद केले. डोंगर व जंगल हे या प्रदेशाचे संरक्षण मानले जात होते. घाटवाटा माहीत असलेल्या शत्रूपुढे ते पुरेसे ठरले नाही.

१८१८ साली मराठी सत्तेचा अस्त झाल्यावर घाटमाथ्यावरील किल्ल्यांचे लष्करी महत्त्व संपले. प्रचितगड हळूहळू ओस पडला आणि त्याभोवती जंगल वाढत गेले.

डोंगरातील वस्ती

धरण व अभयारण्य होण्यापूर्वी या खोऱ्यात अनेक लहान गावे व वाड्या होत्या. झोळंबी, वेती, रुंदीव, चांदेल, सोनार्ली, ढाकाळे, तनाळी, निवळे, गोठणे ही त्यांपैकी काही नावे होत. यांपैकी गोठणे हे गाव घाटमाथ्यावर असूनही रत्नागिरी जिल्ह्याच्या संगमेश्वर तालुक्यात होते. डोंगरउतारावरील नाचणी व वरी, खाचरांतील भात, गुरे आणि जंगलातून मिळणारे मध, हिरडा यांसारखे उत्पन्न यांवर लोकांची उपजीविका चाले. अनेक गावांच्या ग्रामदेवता रानातच होत्या आणि त्यांच्याभोवतीची झाडे न तोडण्याचा रिवाज होता. अशा राखीव रानास ‘देवराई’ किंवा ‘देवरहाटी’ म्हणतात.

धरण, अभयारण्य व विस्थापन

वारणा धरणामुळे नदीकाठची काही गावे पाण्याखाली गेली. उरलेली गावे १९८५ साली घोषित झालेल्या अभयारण्याच्या हद्दीत आली. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधील तरतुदींनुसार अभयारण्यात शेती, चराई, लाकूडतोड व रस्तेबांधणी यांवर निर्बंध येतात. परिणामी पाण्याखाली न गेलेल्या गावांनाही तेथे राहणे कठीण झाले. दोन डझनांहून अधिक गावे व वाड्या येथून हलविण्यात आल्या आणि सांगली, कोल्हापूर व रत्नागिरी जिल्ह्यांत वसाहती करून त्यांचे पुनर्वसन करण्यात आले.

महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी १९७६ पासून स्वतंत्र कायदा होता. तो प्रामुख्याने धरणांसारखे प्रकल्प डोळ्यांसमोर ठेवून केलेला होता. अभयारण्यामुळे उठविल्या गेलेल्या लोकांना धरणग्रस्तांप्रमाणे पर्यायी जमीन व नागरी सुविधा मिळाव्यात, ही मागणी त्यामुळे पुढे आली. डॉ. भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखालील श्रमिक मुक्ती दलाने धरणग्रस्त व अभयारण्यग्रस्त यांना एकत्र आणून दीर्घकाळ आंदोलने केली. पर्यायी जमिनीचा दर्जा, लाभक्षेत्रातील पाणी, जमिनीचे मालकी हक्क व वसाहतींतील सुविधा हे त्यांतील प्रमुख मुद्दे होते. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील मळे, कोळणे व पाथरपुंज या तीन गावांच्या पुनर्वसनाचा प्रश्न व्याघ्र प्रकल्प स्थापन झाल्यानंतरही अनेक वर्षे प्रलंबित राहिला.

विस्थापित गावांच्या खुणा उद्यानात आजही दिसतात. घरांची जोती, भातखाचरांचे बांध, आंबा–फणसाची झाडे आणि मंदिरे यांवरून गावठाणांची जागा ओळखता येते. सोडलेल्या शेतजमिनींवर गवताळ कुरणे तयार झाली असून गवे व सांबर तेथे चरण्यास येतात. वन विभागाच्या नियतक्षेत्रांना व पर्यटनस्थळांना अनेक ठिकाणी उठलेल्या गावांचीच नावे आहेत.

राष्ट्रीय उद्यान व व्याघ्र प्रकल्प

२००४ साली राष्ट्रीय उद्यान घोषित झाल्यावर क्षेत्राचे संरक्षण अधिक कडक झाले. २०१० साली स्थापन झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प हा मेळघाट, ताडोबा–अंधारी व पेंच यांच्यानंतरचा महाराष्ट्रातील चौथा आणि पश्चिम महाराष्ट्रातील एकमेव व्याघ्र प्रकल्प आहे. त्याचे एकूण क्षेत्र १,१६५.५७ चौरस किलोमीटर असून त्यांपैकी ६००.१२ चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र व ५६५.४५ चौरस किलोमीटर बफर क्षेत्र आहे. प्रकल्पाच्या क्षेत्र संचालकांचे कार्यालय कोल्हापूर येथे आहे.

वनस्पतिजीवन

उद्यानातील वने मुख्यतः निमसदाहरित व सदाहरित प्रकारची असून पूर्व भागात आर्द्र पानझडी वने आढळतात. सदाहरित पट्ट्यात अंजनी, जांभूळ व पिसा या वृक्षांचा समूह ठळकपणे दिसतो. त्याखेरीज हिरडा, आंबा, फणस, ऐन, किंजळ, उंबर इत्यादी वृक्ष आहेत. झाडांच्या सावलीत कारवीचे दाट झुडोरे आढळतात. कारवी साधारणपणे सात–आठ वर्षांतून एकदा सामूहिकरीत्या फुलते आणि बी पडल्यावर वाळून जाते.

सड्यांवर मातीचा थर अतिशय पातळ असतो. पावसाळ्याच्या अखेरीस तेथे गेंद, सीतेची आसवे, तेरडा आणि जमिनीवर उगवणाऱ्या आमरींच्या अनेक जाती फुलतात. नत्राचा अभाव असलेल्या या खडकाळ जागेत सीतेची आसवे व दवबिंदू यांसारख्या कीटकभक्षी वनस्पतीही तग धरतात.

प्राणिजीवन

उद्यानात सस्तन प्राण्यांच्या २३, पक्ष्यांच्या १२२ आणि उभयचर व सरपटणाऱ्या प्राण्यांच्या २० जाती असल्याचे सामान्यतः नमूद केले जाते. बिबट्या, गवा, सांबर, भेकर, पिसोरी, अस्वल, रानकुत्रा (कोळसून), रानडुक्कर, साळिंदर, खवले मांजर व उदमांजर हे येथील प्रमुख सस्तन प्राणी आहेत. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू व राज्यपक्षी हरियाल हे दोन्ही येथे आढळतात. पक्ष्यांमध्ये धनेश, पर्वत कस्तूर, रानकोंबडा, सर्पगरुड इत्यादींचा समावेश होतो. पावसाळ्यात बांबू चापडा व मलबारी चापडा हे विषारी साप झाडाझुडपांवर दिसतात.

वाघ

व्याघ्र प्रकल्प घोषित होऊनही चांदोलीत वाघांचे अस्तित्व अनेक वर्षे केवळ पाऊलखुणा व विष्ठा यांवरूनच सूचित होत असे. मे २०१८ मध्ये येथील स्वयंचलित कॅमेऱ्यात वाघाचे छायाचित्र मिळाले. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा एका नर वाघाचे छायाचित्र नोंदले गेले. अंगावरील पट्ट्यांच्या तुलनेवरून हा वाघ त्यापूर्वी राधानगरी अभयारण्यात आढळलेला असल्याचे स्पष्ट झाले. गोवा–कर्नाटक सीमेवरील जंगलांपासून तिलारी, राधानगरीमार्गे चांदोलीपर्यंतचा संचारमार्ग अद्याप वापरात असल्याचा हा पुरावा ठरला.

मात्र या मार्गाने येणारे वाघ नर होते. वयात आलेले नर वाघ नव्या प्रदेशाच्या शोधात दूरवर जातात. माद्या सहसा जन्मस्थानाजवळच स्थिरावतात. माद्या नसल्यामुळे प्रकल्पात वाघांची प्रजननक्षम संख्या तयार होत नव्हती. यावर उपाय म्हणून विदर्भातील ताडोबा–अंधारी व पेंच येथून वाघ आणून सोडण्याची योजना आखण्यात आली. तीस ‘ऑपरेशन तारा’ असे नाव देण्यात आले. तिच्याअंतर्गत नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबा परिसरातील एक वाघीण चांदोलीत आणण्यात आली. तिला थेट जंगलात न सोडता आधी सोनार्ली येथील कुंपणबंद क्षेत्रात ठेवण्यात आले. तत्पूर्वी भक्ष्यप्राण्यांची संख्या वाढविण्यासाठी सागरेश्वर अभयारण्यातून चितळ आणण्याचे व कुरणे विकसित करण्याचे काम हाती घेण्यात आले होते.

पर्यटन व मनोरंजनाच्या सुविधा

चांदोलीचे पर्यटन मुख्यतः दोन दिशांनी होते. पूर्वेकडून वाहनाने उद्यानात जाता येते, तर पश्चिमेकडून रत्नागिरी जिल्ह्यातून प्रचितगडाची चढाई करता येते.

वनभ्रमण

पूर्वेकडील प्रवेश शिराळा तालुक्यातील मणदूर–जाधववाडी भागातून आहे. वन विभागाकडे प्रवेशशुल्क भरून व परवाना घेऊन, नोंदणीकृत वाहनातून स्थानिक मार्गदर्शकासह ठरावीक मार्गावर फिरता येते. मार्गदर्शक व वाहनचालक म्हणून उद्यानालगतच्या गावांतील तरुणांना रोजगार मिळतो. मार्गावरील प्रमुख ठिकाणे पुढीलप्रमाणे आहेत :

जनीचा आंबा : जुन्या आम्रवृक्षाच्या नावाने ओळखले जाणारे विश्रांतीचे ठिकाण.

झोळंबीचा सडा : विस्तीर्ण जांभ्याचे पठार. येथून वसंतसागर जलाशय व भोवतालच्या डोंगररांगा दिसतात. पावसाळ्यानंतर रानफुले पाहण्यासाठी व उन्हाळ्यात गव्यांचे कळप पाहण्यासाठी हे ठिकाण प्रसिद्ध आहे.

लपनगृह : पाणवठ्यावर येणारे प्राणी आडून पाहण्यासाठी बांधलेली जागा.

शेवताई मंदिर : जंगलातील ग्रामदेवतेचे स्थान. विस्थापित गावांतील ग्रामस्थांचीही त्यावर श्रद्धा आहे.

येथील जंगल दाट व उंचसखल असल्यामुळे ताडोब्यासारख्या सपाट, पानझडी वनांच्या तुलनेत प्राणी सहजासहजी दृष्टीस पडत नाहीत. व्याघ्रदर्शनाची अपेक्षा ठेवून येणाऱ्यांपेक्षा पक्षी, वनस्पती, फुलपाखरे व भूदृश्य यांत रुची असणाऱ्यांना हे उद्यान अधिक भावते.

प्रचितगड चढाई

शृंगारपूर हे प्रचितगडाच्या पायथ्याचे गाव असून संगमेश्वरहून कसबा–नायरीमार्गे तेथे पोहोचता येते. गावातून ओढे ओलांडत जाणारी वाट नंतर दाट जंगलातून खड्या चढाची होते. किल्ल्याच्या माथ्याजवळ कातळाचा भाग तुटलेला असल्यामुळे तेथे लोखंडी शिडी बसविण्यात आली आहे. गडावर प्रवेशद्वाराचे अवशेष, देवीचे मंदिर, तोफा व खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. कड्यावरून कोकणचा विस्तीर्ण प्रदेश दिसतो. वाट चुकण्याची शक्यता असल्याने स्थानिक वाटाड्या सोबत घेणे आवश्यक मानले जाते. किल्ला व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात येत असल्यामुळे वन विभागाची परवानगी घ्यावी लागते.

नियम व योग्य काळ

पावसाळ्यात, साधारणपणे जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, उद्यान पर्यटकांसाठी बंद असते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ भ्रमंतीस अनुकूल आहे. मार्च ते मे या काळात पाणवठ्यांवर प्राणी दिसण्याची शक्यता अधिक असते. गाभा क्षेत्रात मुक्काम, विस्तव पेटविणे, मद्यपान, मोठ्या आवाजात संगीत लावणे आणि प्लास्टिक टाकणे यांस मनाई आहे. जलाशयात उतरणे धोकादायक असून त्यासही परवानगी नाही.

दळणवळण

पूर्वेकडील प्रवेशासाठी कोल्हापूर, सांगली, इस्लामपूर व कराड येथून शिराळामार्गे रस्ता आहे. कराड, सांगली व कोल्हापूर ही त्या बाजूची सोयीची रेल्वे स्थानके होत. प्रचितगडासाठी कोकण रेल्वेवरील संगमेश्वर रोड हे जवळचे स्थानक असून मुंबई–गोवा महामार्गही संगमेश्वरातून जातो. दोन्ही बाजू सरळ रेषेत जवळ असल्या, तरी उद्यानातून आरपार मोटाररस्ता नाही. रत्नागिरीहून पूर्वेकडील प्रवेशद्वाराकडे जाण्यासाठी आंबा घाटातून मलकापूरमार्गे वळसा घ्यावा लागतो.

संवर्धनापुढील प्रश्न

व्याघ्र प्रकल्प अरुंद व लांबट असल्यामुळे त्याचे भवितव्य लगतच्या जंगलांवर अवलंबून आहे. चांदोली व राधानगरी यांच्यामधील पट्ट्यात खासगी मालकीची जमीन बरीच आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील पठारांवरील बॉक्साइटचे खाणकाम, पाटण परिसरातील पवनचक्क्या व त्यांच्यासाठी झालेले रस्ते, घाटमाथ्यावरील बंगले व रिसॉर्ट, तसेच उन्हाळ्यातील वणवे यांमुळे संचारमार्ग खंडित होण्याचा धोका आहे. हा पट्टा टिकविण्यासाठी राज्य शासनाने विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा–भुदरगड, चंदगड व तिलारी अशी संवर्धन राखीव क्षेत्रे घोषित केली आहेत.

दुसरा प्रश्न उद्यानालगतच्या गावांचा आहे. गवे व रानडुकरे पिकांचे नुकसान करतात आणि बिबटे पाळीव जनावरे मारतात. यासाठी शासनाकडून भरपाई दिली जाते. सौर कुंपण, स्वयंपाकाच्या गॅसचे वाटप व ग्राम परिस्थितीकी विकास समित्यांमार्फत रोजगार यांसारख्या उपायांतून गावांचे जंगलावरील अवलंबित्व कमी करण्याचा प्रयत्न होतो. ज्या कुटुंबांनी जंगलासाठी गाव सोडले, त्यांना मिळालेली जमीन व सुविधा पुरेशा आहेत की नाहीत, हा वाद या उद्यानाच्या संवर्धनाच्या चर्चेत कायम उपस्थित होत आला आहे.

हे सुद्धा पहा

कोयना अभयारण्य
राधानगरी अभयारण्य
सह्याद्री व्याघ्र प्रकल्प
प्रचितगड
वारणा नदी
महाराष्ट्रातील राष्ट्रीय उद्याने